तंबूच्या दाराशी कोण झोपणार

२२ सप्टेंबर २०२४, रविवार

या वहीची पहिली चाळीस पानं भाषणांच्या टिपणांनी भरलेली आहेत. ती तशीच ठेवून मागच्या बाजूने लिहायला घेते आहे, कारण हे कुणापुढे बोलायचं नाही.

सकाळी उत्कर्षाचा फोन. आमचे फोन ठरलेले असतात. रविवारी साडेनऊला, दहा-बारा मिनिटं. माझा रक्तदाब, तिचं ऑफिस, अमेरिकेतल्या टूसॉनचं ऊन, पुण्याचा पाऊस. आज सगळे विषय संपले तरी ती फोन ठेवेना. मग म्हणाली, "आई, डिसेंबरात मला तीन आठवडे रजा आहे. गाडी घेऊन मेक्सिकोत जातेय. वाळवंटातून खाली समुद्रापर्यंत. रोज तंबूत राहायचं. येतेस?"

मी तिला आठवण करून दिली की २००३ साली चार हजार माणसांसमोर मी जाहीर केलं होतं, जो देश दुसऱ्यांच्या घरांवर बॉम्ब टाकतो त्याच्या जमिनीवर हे पाऊल पडणार नाही. ती म्हणाली, "माहितीये. पहिल्या रांगेत मीच बसले होते. म्हणून तर मेक्सिको म्हणतेय. माझ्या घरी फक्त दोन रात्री."

तीन वर्षांनी ती त्याच देशात शिकायला गेली आणि तिथेच राहिली. अठरा वर्षांत मी एकदाही गेले नाही. ती चारदा आली. शेवटची आली ती श्रीनिवास गेल्यानंतर, करोनाची बंधनं उठल्यावर. जाताना तिने वडिलांच्या वस्तूंतली एकच मागितली, त्यांनी जुन्या बाजारातून आणलेला लष्करी खाकी तंबू. बारा किलोचं ते धूड विमानातून कशाला न्यायचं, असं मी विचारलं होतं. तिकडे याहून हलके तंबू मिळतात, हेही सांगितलं होतं.

आज मी "येते" म्हणाले. शब्द फिरवणाऱ्यांची मी व्यासपीठावरून आयुष्यभर सालं काढली. आज स्वतःचा शब्द मोडला आणि शरम वाटली नाही. का, ते कळेना. रक्तदाब मोजून घेतला. ठीक आहे.

२५ सप्टेंबर

हुस्नबानूकडे गेले. रात्रशाळेत ती भूगोल शिकवायची, मी इतिहास. तीस वर्षं आम्ही एका टेबलावर डबे उघडले. तिच्याकडे अजून तो जाडजूड नकाशासंग्रह आहे. तिने टूसॉनपासून बोट सरकवत नेलं. सीमा, सोनोराचं वाळवंट, एर्मोसिओ शहर, मग किनो नावाचं समुद्राकाठचं गाव. पुढे बोटीने आखात ओलांडायचं की पलीकडे बाहाचा लांबच लांब निमुळता भूभाग, एका बाजूला आखात, दुसऱ्या बाजूला महासागर.

तिथल्या निवडुंगांची उंची दोन मजल्यांएवढी असते. काही झाडं उंच मेणबत्त्यांसारखी दिसतात. रात्री गोठवणारी थंडी, दुपारी सदरा काढावा असं ऊन. बानू हे सांगत होती आणि मला माझ्या वयाचा राग येत होता. सदुसष्ट वर्षांत मी महाराष्ट्रातला एकही तालुका सोडला नाही. पण तालुक्याला गेले की स्टँड, सभेचं मैदान आणि परतीची गाडी. अलिबागला सात भाषणं केली. समुद्र पाहिला तो व्यासपीठामागे.

नकाशात बाहाच्या मधोमध एक खाडी आहे. उत्तरेच्या बर्फाळ पाण्यातून देवमाशिणी हजारो मैल पोहत पिल्लं घालायला तिथे येतात. पिल्लू दमलं की आई त्याला पाठीवर घेऊन श्वासासाठी वर उचलते. याला त्याग म्हणायचं कारण नाही, ही शरीराची सक्ती आहे, असं मी बानूला म्हणाले. आईपणाला असा शेंदूर फासणाऱ्यांविरुद्ध मी पूर्वी लेख लिहिलेला आहे.

बानू म्हणाली, "लेख राहू दे. डिसेंबरात त्या खाडीत फारसं काही नसतं. फेब्रुवारीत जा."

"रजा डिसेंबरात आहे."

"मग रिकामं पाणी बघून ये. तुला पाण्यापुढेही बोलता येईल."

३ ऑक्टोबर

दौऱ्याचा कार्यक्रम तयार केला. २१ डिसेंबरला मुंबईहून विमान, २४ ला टूसॉनहून प्रस्थान, पुढे वीस दिवस. रोजचा कार्यक्रम तासावार. सकाळी सहाला उठणे, साडेसहाला चहा, सातला तंबू आवरणे. सोबत प्रत्येक ठिकाणाची माहिती: मेक्सिकोची क्रांती, जमिनीचं फेरवाटप, तांब्याच्या खाणींतला संप, सीमेवरची भिंत. तेवीस पानं. रस्त्यात संध्याकाळी एकेक विषय घेता येईल, असं शेवटी लिहिलं. स्कॅन करून पाठवलं.

उत्कर्षाचं उत्तर: "आई, यात स्वागत समिती आणि आभार प्रदर्शन राहिलंय."

खाली दुसरा मेसेज: "तू कुठल्या कुशीवर झोपतेस?"

मी लिहिलं, "लॉकअपमध्ये माणूस बसून झोपतो. तुझा प्रश्न कळला नाही."

६ ऑक्टोबर

आज आणखी प्रश्न. तोंड धुण्याआधी चहा लागतो की नंतर? जमिनीवरून उठताना हात द्यावा लागतो का? अंधारात भीती वाटते का? घोरतेस का?

तेवीस पानांबद्दल एक अक्षर नाही. नव्या पिढीला संदर्भांचा कंटाळा आहे. शाळेतली मुलंही सनावळी आली की खिडकीबाहेर बघायची.

घोरते की नाही हे मला ठाऊक नाही. ज्याला ठाऊक होतं तो आता सांगायला नाही.

१४ ऑक्टोबर

आफताबच्या ऑफिसात. हा बानूचा भाचा, स्वारगेटच्या मागच्या गल्लीत तिकिटांचं आणि व्हिसाचं काम करतो. त्याने सांगितलं, अमेरिकेचा व्हिसा असला की मेक्सिकोचा वेगळा लागत नाही. मुलाखतीची तारीख एरवी वर्षभर मिळत नाही, पण कुणीतरी सोडलेली १९ नोव्हेंबरची त्याला सापडली. पोरगा हुशार आहे. कीबोर्ड न बघता टाइप करतो आणि बोलताना समोरच्याकडेही बघत नाही.

फॉर्म भरत भरत एका प्रश्नाशी आला. तुम्हाला कधी अटक झाली आहे का. त्याने 'नाही'वर टिचकी मारली आणि पुढे गेला.

मी म्हटलं, मागे ये.

मार्केट यार्डात कांदा निवडणाऱ्या आणि पाला झाडणाऱ्या बायकांसाठी, हमालांसाठी मला अकरा वेळा अटक झाली. प्रत्येक वेळी जमावबंदी मोडून भाषण केलं म्हणून. दोनदा खटला उभा राहिला, दोन्ही वेळा निर्दोष सुटले. येरवड्याच्या तुरुंगात एकूण एकोणतीस दिवस. त्या एकोणतीस दिवसांवर माझं नाव उभं आहे.

आफताब म्हणाला, "मावशी, ते सगळं कॉम्प्युटर यायच्या आधीचं आहे. कुणाला कळणार नाही. 'हो' केलंत तर कागद मागतील, महिनोन्‌महिने लटकवतील."

मी त्याला विचारलं, त्या बायकांपैकी कुणी भेटली आणि म्हणाली, बाई, तुम्ही आमच्यासाठी आत गेला होता ना, तर तिला काय सांगू? की आता अमेरिकेला जायचंय म्हणून गेले नव्हते?

त्याने पहिल्यांदाच माझ्याकडे बघितलं. मग दोन दिवस विचार करा म्हणाला.

१५ ऑक्टोबर

आफताबने बानूला सांगितलं, बानूने उत्कर्षाला. मंगळवारी फोन आला, म्हणजे गंभीर.

ती चिडली नाही. आधी सगळं समजुतीने सांगितलं. फॉर्म वाचणाऱ्याला पुण्याचं मार्केट यार्ड कुठे आहे ते ठाऊक नसतं, त्याला फक्त खूण दिसते. मी म्हटलं, प्रश्न त्याचा नाही, माझा आहे. मग ती गप्प झाली. मी गप्प बसलेल्या सभा ओळखते, कुठली उठून जाणार आणि कुठली पेटणार ते आधी कळतं. ही शांतता मला ओळखता आली नाही.

शेवटी ती म्हणाली, "लहानपणापासून एकच मागत आलेय, आई. एकदा 'नाही' म्हण. कुणालातरी, कशालातरी. या वेळी तर नुसती खूण करायचीय."

मी म्हटलं, खोटं बोलून आलेली आई तुला चालेल का?

"आलेली चालेल," म्हणाली.

फोन ठेवल्यावर त्या वाक्याला उत्तर सुचलं, आणखी तीन सुचली. सगळी टाळ्या घेणारी होती.

१६ ऑक्टोबर

'हो'वर खूण केली. बाकी काही लिहवत नाही.

२ नोव्हेंबर

पाडवा. दोन रविवार फोन नाही. मेसेजमध्ये पणतीचं चित्र आलं, तेही कुणाचं तरी आलेलं पुढे पाठवलेलं.

निवडणुकीच्या भोंग्यांनी वस्ती किंचाळते आहे. खिडक्या लावून सोनोराबद्दल वाचत बसते. तिथल्या वाळवंटात म्हणे काही बिया वर्षानुवर्षं वाळूत पडून असतात. पुरेसा पाऊस झाला तरच उगवतात, थोड्याशा सरीला फसत नाहीत. हे वाचून पुस्तक मिटलं. पुन्हा उघडलं. दुसऱ्या कुठल्या ओळीवर मन बसेना.

रंगराव फराळाला आले. हमाल संघटनेचे अध्यक्ष, चाळीस वर्षांचे सोबती. गाव सोडून पन्नास वर्षं झाली तरी बोली सोडली नाही. २२ डिसेंबरला मार्केट यार्डात निर्धार मेळावा घेतायत. "ताई, शेवटचं भाषण तुमचंच हाय. पत्रिका छापायला टाकतो."

मी म्हटलं, नाही. मी त्या दिवशी परदेशी असेन.

त्यांनी करंजी खाली ठेवली. "न्हाई म्हंता? तुम्ही?"

चाळीस वर्षांत त्यांनी माझ्या तोंडून हा शब्द ऐकला नव्हता. मीही नव्हता. उत्कर्षाला फोन करून सांगावंसं वाटलं, की बघ, म्हटलं. पण तिने हे मागितलं नव्हतं. बहुधा.

१९ नोव्हेंबर

मुंबई. पहाटेच्या बसने गेले, आता परतीच्या बसमध्ये लिहिते आहे, अक्षर हलतंय.

वकिलातीच्या काचेपलीकडे पस्तिशीतला अधिकारी, नीट भांग, डोळ्यांखाली झोपेची वर्तुळं. मी तयारी करून गेले होते. वाळवंटावर तीन मिनिटं, सीमेवर दोन, मायलेकींवर एक. त्याने फॉर्म बघितला आणि विचारलं, अटक कशासाठी?

"बोलण्यासाठी," मी म्हटलं.

तो हसला नाही, पण पेन खाली ठेवलं. किती वेळा, निकाल काय लागला, सगळं विचारून घेतलं. मी मोजकं उत्तर दिलं. स्वतःवर खूश होते. मग त्याने सहज विचारलं, मुलीबरोबर याआधी कुठे प्रवासाला गेला होता? शेवटचा प्रवास कुठला?



पन्नास वर्षांत कुठल्याही प्रश्नाला मी निरुत्तर झालेले नाही. पोलीस उपायुक्तांना, कारखानदारांच्या वकिलांना, भर सभेत चप्पल फेकणाऱ्याला, प्रत्येकाला उत्तर दिलं. इथे डोक्यात एसटीचे स्टँड, धर्मशाळा, विश्रामगृहं फिरत होती आणि कुठेच उत्कर्षा नव्हती. मागच्या रांगेतला माणूस खोकला. अधिकारी वाट बघत होता. शेवटी मी म्हटलं, हा पहिला असेल.

त्याने पिवळा कागद दिला. दोन्ही खटल्यांच्या निकालाच्या प्रती जमा करा, मग निर्णय कळवू. किती दिवस, ते सांगता येणार नाही.

२४ नोव्हेंबर

तीन दिवस कपाटं उपसली. बानू मदतीला होती. निकालाच्या प्रती माझ्याकडे असतील अशी आशाच नव्हती, मी फक्त पुस्तकं आणि पत्रकं जपते. पण श्रीनिवास पोस्टातला माणूस. माळ्यावर त्याची हिरवी फाइल सापडली, त्याच्या गोल अक्षरात: 'कौशल्या – कोर्ट व इतर'.

सगळं तारखेप्रमाणे. जामिनाचे कागद, सुटकेचे कागद, दोन्ही निकाल शिक्क्यासह. मी त्याच्यावर आयुष्यभर हसले की तू माणूस नसून टपालाचा कप्पा आहेस. आज त्या कप्प्याला नमस्कार केला.

'इतर'मध्ये एसटीची जुनी तिकिटं होती. टाचणीने तीन-तीन एकत्र टोचलेली, १९८९ची, १९९१ची, १९९४ची. सगळी डिसेंबरातली, स्वारगेट ते श्रीवर्धन. दोन पूर्ण, एक अर्धं. अर्धं उत्कर्षाचं. प्रत्येक गठ्ठ्यात एका पूर्ण आणि एका अर्ध्या तिकिटाला कंडक्टरच्या पंचची भोकं. तिसरं कोरं.

प्रत्येक गठ्ठा माझ्या अटकेच्या कागदाला जोडलेला होता. पोस्टात प्रवासभत्ता मिळायचा, त्यासाठी ठेवली असतील, असं मी म्हटलं.

बानूने ९१चं कोरं तिकीट उजेडात धरलं. २२ डिसेंबर, रविवार. आदल्या दिवशी यार्डाच्या फाटकावर मी बोलले होते आणि संध्याकाळी येरवड्यात पोचले होते. अकरा दिवसांनी सुटून आले तेव्हा श्रीनिवास म्हणाला होता, आम्ही जाऊन आलो, दिवेआगरची वाळू छान आहे. माझ्यामुळे त्यांचं काही अडलं नाही, याचा मला तेव्हा अभिमान वाटला होता.

"हे कुणाचं?" बानूने विचारलं.

"माझं," मी म्हटलं.

तिने ते जागेवर टोचून ठेवलं आणि चहा टाकायला गेली. बानू कधी न विचारता चहा टाकत नाही.

२७ नोव्हेंबर

कागद जमा केले. फाइलमधल्या कागदांच्या प्रती काढताना आफताबने तिकिटांचीही झेरॉक्स मारली होती. ती मी परत काढून घेतली. ते वकिलातीचं काम नाही.

११ डिसेंबर

वकिलातीच्या साइटवर रोज तेच वाक्य. आफताब म्हणतो, मावशी, दिवसातून एकदाच बघत जा, बघून लवकर येत नाही.

थंडी पडली आहे. सकाळी स्वेटर घालताना वाटलं, तिथे तंबूत किती कपडे लागतील. बॅग भरून ठेवली आहे. शबनम पिशवीत एक साडी, साबण आणि एक पुस्तक कोंबून मी कुठेही गेले आहे. या बॅगेत दोन कानटोप्या आहेत. दुसरी उत्कर्षासाठी विणली. वीण सैल पडली, चाळीस वर्षांनी सुया हातात घेतल्या. तिच्या डोक्याचं माप मला माहीत नाही, माझ्याच डोक्यावर विणली.

१७ डिसेंबर

विमानाला चार दिवस राहिले. आफताबने तिकीट रद्द केलं. मीच उत्कर्षाला फोन लावला. तिच्याकडे संध्याकाळ होती.

मी म्हटलं, होत नाही. ती म्हणाली, हं. मग म्हणाली, अख्खी रजा आता घेत नाही, चार दिवस किनोपर्यंत एकटीच जाऊन येते.

मी तिकिटांबद्दल सांगणार नव्हते, पण सांगितलं. कोरं तिकीट वगैरे. भत्त्यासाठी ठेवली असतील, असंही म्हटलं.

ती हसली. वाईट हसली नाही. मग तिने सांगितलं. प्रत्येक वेळी ते दोघं स्टँडवर गाडी सुटेपर्यंत खाली उभे राहायचे. बाबा म्हणायचे, सुटली असेल तर सरळ इथेच येईल. मग चढायचे आणि माझ्या सीटवर तंबूची पिशवी ठेवायचे. कंडक्टरने विचारलं की बाबा तिकीट दाखवायचे, सीट घेतलेली आहे, माणूस यायचंय. माणगावपर्यंत ती खिडकीतून मागे बघायची.

"आणि तंबूत दाराची बाजू तुझी. बाबा भिंतीला, मी मध्ये, दाराशी तुझी चादर. तू उशिरा आलीस तर कुणाला न उठवता शिरता यावं म्हणून. सकाळी चादर तशीच असायची. मी ती विस्कटून ठेवायचे, येऊन गेलीस असं वाटावं म्हणून."

 

२० डिसेंबर

रंगरावांना वास लागलाच. सकाळी दारात. "ताई, आता तर मोकळ्या झाल्या. पत्रिकेत जागा ठिवली व्हती बघा, मला खात्री व्हती."

खरं सांगायचं तर जीव तिकडे ओढला गेला. यार्डाचं मैदान, ध्वनिक्षेपकाची पहिली खरखर, आणि समोरची माणसं आपल्या श्वासावर श्वास घ्यायला लागतात तो क्षण. त्याच्याइतकं मला दुसरं काही आवडलेलं नाही. या वहीत तरी कबूल करते, अकरा वेळांपैकी दोन-तीन वेळा दुसरं कुणी बोललं असतं तरी चाललं असतं. मला बोलायचं होतं.

मी म्हटलं, रंगराव, २२ला माझा प्रवास आहे.

"कुठं?"

"श्रीवर्धनला. एसटीने."

 ते म्हणाले, "समुद्र काय पळून चाललाय व्हय?" आणि हसायला लागले. मी हसले नाही, म्हणून थांबले. हिराला भाषण द्या, असं मी सांगितलं. हिराची आई कांदा निवडायची, तिच्या बोलण्यात माझ्याहून कमी अलंकार आहेत आणि जास्त दम आहे. ते 'बरं' म्हणाले. जाताना चपला घालून मागे वळले. "जावा ताई. पर पोचल्यावर फोन करा. वय झालंय तुमचं." असं बोलायची त्यांची ही पहिलीच वेळ.

२२ डिसेंबर, रविवार

स्वारगेट. मेट्रोच्या कामाने स्टँडचा चेहरा बदलला आहे, पण श्रीवर्धनच्या गाडीची गर्दी तशीच. बानू बरोबर आली. तिच्या गुडघ्यांना ताम्हिणीची वळणं सोसत नाहीत, तरी आली. तू एकटी गेलीस तर तिथे सभा भरवशील, म्हणाली.

गाडी सुटायला वीस मिनिटं होती. मी चढले नाही. खाली उभी राहिले, फलाटाच्या त्या टोकाकडे बघत. कुणी यायचं नव्हतं. वीस मिनिटं किती लांब असतात ते पहिल्यांदा कळलं. मी सभेला वीस मिनिटं उशिरा जायचे, गर्दी नीट जमावी म्हणून.

कंडक्टरबाईंनी यंत्रातून कागदाची चिठ्ठी काढून दिली. आता पंच नसतो. पर्समध्ये ९१चं कोरं तिकीट होतं, ते त्यांना दाखवावं असा वेडा विचार आला. दाखवलं नाही. माणगाव गेलं तेव्हा मी मागे वळून पाहिलं. मागच्या काचेतून नुसता रस्ता.

आता श्रीवर्धनजवळ दिवेआगरला एका घरगुती खोलीत आहोत. सुरूच्या झाडांमागून समुद्राचा आवाज येतो. संध्याकाळी वाळूत उतरलो. श्रीनिवास बरोबर सांगत होता. वाळू छान आहे. बारीक, घट्ट, चालताना पाय खचत नाही.

रंगरावांचा फोन येऊन गेला. हिरा चांगली बोलली. माझं नाव घेतलं, टाळ्या पडल्या. बरं वाटलं, आणि थोडं नाहीही.

२३ डिसेंबर

उजाडायच्या आधी उठले. बानू जागीच होती. मी तिला विचारलं, "मी कुठल्या कुशीवर झोपते?"

"सदुसष्टाव्या वर्षी हे विचारतेस?"

"सांग."

"डाव्या. भिंतीकडे तोंड करून, गुडघे पोटाशी. घोरत नाहीस. मध्येच 'मित्रहो' म्हणालीस."

शाल घेऊन एकटी किनाऱ्यावर गेले. साडेसहा वाजले होते. तिथे आदल्या दिवशीचे संध्याकाळचे सहा. फोन लावला. तिच्या मागे लाटांचा आवाज होता, माझ्याही मागे. ती किनोला पोचली होती, तंबू लावून झाला होता, सूर्य नुकताच बुडाला होता. माझ्याकडे अजून वर यायचा होता. दोघींकडे सारखाच उजेड होता.

मी कुठे आहे ते सांगितलं. तिचा श्वास ऐकू आला.

"वकिलातीचं काही नाही," मी म्हटलं. "काही येईल असंही धरू नकोस."

"रजा शिल्लक ठेवलीये. बानूमावशी म्हणते फेब्रुवारीत देवमासे असतात."

"उत्कर्षा, मी डाव्या कुशीवर झोपते. घोरत नाही. चहा तोंड धुण्याआधी लागतो. जमिनीवरून उठताना हात द्यावा लागतो. अंधाराची भीती वाटते, कुणाला सांगितलेलं नाही."

ती म्हणाली, मग दाराशी नको तुला. मी म्हटलं, नको, मी आत झोपेन. दार लावून घे.

मग मी तो प्रश्न विचारला, जो तिने अडीच महिन्यांपूर्वी मला विचारला होता आणि मी उलटा विचारायला हवा होता. अठरा वर्षांपूर्वी, तिकिटांच्या वर्षी, कधीही. आणि तू?

लाटा इकडच्या की तिकडच्या, ते कळेना.

"पालथी," ती म्हणाली. "बाबांना माहीत होतं."

लिहून ठेवते. उत्कर्षा पालथी झोपते.